रमाच्या माहेरची रेल्वे

आमच्या बोरी अरबहून नेपाळला कोणी गेलंच तर ते लुंबिनीला जातं. तीस-चाळीस माणसं मिळून बस ठरवतात, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करत सोनौलीच्या रस्त्याने पलीकडे जातात आणि पंधरा दिवसांनी पाय सुजवून परत येतात. मी गेल्या जानेवारीत गेले ती भलत्याच वाटेने. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमधल्या जनकपूरला एक रेल्वे जाते, तिने. जाताना आम्ही दोघी होतो. येताना मी एकटी होते.

मी दारव्ह्याला राहते, एसटीत वाहक आहे. या ब्लॉगवर आजवर चिखलदरा, टिपेश्वर, लोणार असल्या दोन-तीन दिवसांच्या सहलींबद्दल लिहिलं. ही सहल नव्हती. पण या गाडीची माहिती निघायच्या आधी मला मराठीत कुठेच सापडली नव्हती, म्हणून लिहायला बसले. आणि लिहायला बसले तर रमाला वगळून लिहिता येईना.

रमा माझ्या धाकट्या भावाची, प्रवीणची बायको. प्रवीण आयटीआय करून सुरतेला इमारतींच्या वायरिंगच्या कामावर गेला होता. तिथेच एक नेपाळी मिस्त्री बायको-पोरांसह पत्र्याच्या खोलीत राहायचा. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी रामदुलारी. दोघांनी लग्न केलं, मिस्त्रीने मुलीचं नाव टाकलं आणि महिनाभरात बिऱ्हाड उचलून तो गावी निघून गेला. प्रवीण तिला घेऊन बोरीला आला. आईने तिच्याकडे पाहिलं, नाव विचारलं, आणि म्हणाली, "एवढं लांब नाव कोण घेईन व? रमा म्हणीन मी तुले." आमच्याकडे घरटी एक रमा असते. आमच्या घरातली रमा ही झाली.

सतरा वर्षं ती बोरीत राहिली. मूल झालं नाही. कापूस वेचायला जाऊ लागली, बायांच्या बचत गटात बसू लागली, आमच्यापेक्षा चांगली वऱ्हाडी बोलू लागली. माहेरचा फोन नाही, पत्र नाही. तीन वर्षांपूर्वी यवतमाळहून येताना प्रवीणची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. त्यानंतर आई आणि रमा दोघीच त्या घरात. मी रविवारी जायची, भाजी-किराणा टाकून यायची. आईला बीपी आहे, गुडघे गेलेत. रमा होती म्हणून मला दारव्ह्यात शांत झोप लागायची.

आम्ही गेलो त्याआधीच्या दिवाळीनंतर रमाचा धाकटा भाऊ बिनोद याने तिला फेसबुकवर शोधून काढलं. प्रवीणच्या जुन्या फोटोखाली त्याने हिंदीत लिहिलं होतं, माझी बहीण असेल तर फोन करा. रमाने फोन केला. बाप सहा वर्षांपूर्वीच गेला होता. आईला लकवा मारला होता, डावी बाजू गेली होती, आणि ती अधूनमधून दुलारीचं नाव घेत होती. हे सगळं ऐकल्यावरही रमा चार दिवस रोजच्यासारखी कापूस वेचायला जात राहिली. पाचव्या दिवशी, रविवार होता, मी चहा पीत बसले होते, तेव्हा म्हणाली, "ताई, मले घेऊन चालता का?"

मी हो म्हणाले. नऊ दिवसांची रजा टाकली. गावातल्या बायांनी माझं कौतुक केलं, वहिनीसाठी एवढं कोण करतं म्हणाल्या. खरं सांगते, मी सोबत गेले ती तिला परत आणायला. ती एकटी गेली तर तिकडेच राहील ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. परतीची दोन तिकिटं मी जायच्या तिकिटांच्याही आधी काढली.

आता प्रवासाचं. नागपूरहून दरभंग्याला थेट गाडी आहे, पण आठवड्यातून एकदाच, त्यामुळे तारीख आधी त्या गाडीची बघा आणि मग रजा टाका. स्लीपरचं तिकीट आठशेच्या आसपास पडलं. आम्ही पहाटेच्या बसने दारव्ह्याहून यवतमाळ आणि तिथून नागपूर गाठलं. सोबत आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिनोदच्या पोरांसाठी तिळाचे लाडू दिले होते. रमाने तिच्या मायसाठी एक निळं लुगडं घेतलं होतं आणि ते पिशवीत न ठेवता मांडीवरच घेऊन बसली होती. घडी मोडेल, म्हणाली.

जानेवारीत या रस्त्याने जाणार असाल तर धुक्याचा हिशेब ठेवा. जबलपूरपर्यंत गाडी वेळेवर होती. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा. गाडी तासातासाने थांबत होती. आम्ही साडेसात तास उशिरा पोचलो. चहा दहाला, पुरी-भाजी पन्नासला, आणि ऊबदार काही हवं असेल तर ते स्वतःच न्या. आमच्याकडच्या थंडीवर जाऊन मी एक स्वेटर नेला होता. रमाने बोरीतली गोधडी आणली होती, ती शेवटी दोघींनी पांघरली.

आमच्या समोर समस्तीपूरची एक बाई होती, मुलाकडे बंगळूरला जाऊन परत चालली होती. रमा जनकपूरकडची आहे कळल्यावर तिने मोठ्या आनंदाने मैथिलीत विचारलं, "अहाँक नैहर कतऽ अछि?" म्हणजे तुमचं माहेर कुठे. रमाला कळलं. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "जनकपूरच्या पलीकडं, थोडं दूर हाय."

बाई हसली. तिला वाटलं रमा थट्टा करते आहे. रमाने पुन्हा प्रयत्न केला, दोन शब्द मैथिली आले आणि तिसऱ्या शब्दाला पुन्हा आमची बोली. मग खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत बसली. मी विचारलं, "काय करून राह्यली?"

"घोकून राह्यली, ताई. मायसंग बोलाले लागंल ना."

दरभंग्याला संध्याकाळ झाली होती. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये सातशे रुपयांत खोली मिळाली, गरम पाणी बादलीने. सकाळी जयनगरची पॅसेंजर पकडली, दोन-अडीच तास लागतात. रस्त्याने जिकडेतिकडे तळी. आमच्याकडे कोरड्या विहिरी बघायची सवय, इथे घरामागे तळं, शाळेसमोर तळं. मखाणा याच तळ्यांत होतो, हे मला तिथे कळलं.

जयनगरला भारतीय स्टेशनला लागूनच नेपाळच्या रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे. पादचारी पुलावरून तिकडे जाता येतं. खिडकी वेगळी, तिकीट वेगळं. साध्या डब्याचं जनकपूरपर्यंतचं भाडं पन्नासच्या आत होतं. दिवसातून मोजक्याच फेऱ्या आहेत आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, तेव्हा गाडीची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या. पासपोर्ट लागत नाही, पण ओळखपत्र तपासतात. मतदार कार्ड न्या. आमच्या पुढच्या एका माणसाजवळ फक्त आधार होतं, त्याला बाजूला उभं केलं होतं. नियम बदलत असतात, आधी चौकशी करावी. मी शंभराच्या नोटा नेल्या होत्या, त्या पलीकडे सगळ्यांनी घेतल्या.

रांगेत माझं झालं. मग रमाचं. जवानाने तिचं मतदार कार्ड हातात घेतलं. "रमा. जिला यवतमाळ, महाराष्ट्र." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "नेपाल में कौन है आपका?"

सतरा वर्षांत तिला कोणी असं उभं करून हे विचारलं नव्हतं. ती माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं, आता मीच उत्तर द्यावं. तेवढ्यात ती म्हणाली, "माय."

माय हा शब्द दोन्हीकडचा आहे. जवान बिहारचा असावा. त्याने कार्ड परत दिलं आणि म्हणाला, "जाइए."

गाडी छान आहे. नवे स्वच्छ डबे, लोक मात्र आमच्या बाजाराच्या दिवशीच्या एसटीसारखे कोंबलेले. साखरेची पोती, नवे प्लास्टिकचे टब, जयनगरच्या बाजारातली कापडं. गाडी हलली आणि मी वाहकाच्या सवयीने दोन्ही बाजूंना बघू लागले. सीमा म्हणजे तार असेल, फाटक असेल, काहीतरी पाटी असेल अशी माझी समजूत. मोहरीची पिवळी शेतं होती, सायकलवरून जाणारी माणसं होती, मग पुन्हा मोहरी. फोनची रेंज गेली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "नेपाल हो गया." कुठे झालं ते मला दिसलंच नाही.

रमाला दिसलं असावं. ती उभी राहिली होती. "ताई, इथं पह्यले लहान गाडी होती. खिलौन्यावानी. लोक टपावर बसत. बापू मले खांद्यावर घेऊन चढे."

"मग आपली शकुंतलाच की," मी म्हणाले. दारव्ह्याहून जाणारी आमची छोटी गाडी, आता बंद पडलेली. रमा लग्न होऊन आली तेव्हा ती चालू होती आणि प्रवीणने तिला मुद्दाम तिच्यात बसवून यवतमाळला नेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "तिच्यात बसली तई मी गंज रडली होती. त्याईले वाटलं, मले डब्यातल्या धुळीचा त्रास होऊन राह्यला."

जनकपूरला दीड-पावणेदोन तासांत पोचलो. बिनोद फलाटावर उभा होता. तो सहा वर्षांचा असताना तिने त्याला शेवटचं पाहिलं होतं. समोर मिशीवाला, तेवीस वर्षांचा माणूस. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, दोघांनाही आपापल्या फोनमधला फोटो बघावा लागला. मग तो वाकून तिच्या पाया पडला आणि तिने त्याला उचलून धरलं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जनकपूरहून ई-रिक्षाने तासभर, शेवटचा रस्ता बांधावरून. मातीच्या भिंतींचं पण नेटकं घर, भिंतीवर पांढऱ्या रंगाने काढलेले मासे आणि हत्ती. आम्ही उतरलो तशा शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या. एकेकीने रमाच्या गळ्यात पडून सुरात रडायला सुरुवात केली. रडतारडता त्या काही सांगत होत्या, विचारत होत्या. नंतर कळलं, तिकडे बऱ्याच वर्षांनी आलेल्या लेकीला असंच भेटतात. सगळ्या तिला दुलारी म्हणत होत्या. मी कोणाला तरी सांगायला गेले की रमा दोन दिवसांपासून नीट जेवली नाही, तर ती बाई म्हणाली, "रमा के?" तिथे रमा कोणीच नव्हती.

माय ओसरीवर खाटेवर होती. हाडांची मोळी आणि वर एक चेहरा, डावीकडे ओघळलेला. रमा खाटेच्या कडेला बसली, तिचा हात हातात घेतला आणि गाडीत घोकलेलं वाक्य म्हणाली. मला त्यातलं "दुलारी" आणि "माय" एवढंच कळलं.

म्हातारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बिनोदकडे बघून जड जिभेने म्हणाली, "दुलारी तँ छोट छै." दुलारी तर लहान आहे.

बिनोदने समजावलं, रमाने समजावलं. म्हातारीने मान फिरवली. रमाने मांडीवरचं ते निळं लुगडं उलगडून तिच्या अंगावर पांघरलं. म्हातारीने उजव्या हाताने कापड चाचपून पाहिलं आणि डोळे मिटले.

पुढचे तीन दिवस मी तिथे होते. बिनोदच्या बायकोने मला पाहुण्यासारखं ठेवलं. सकाळी दही-चिवडा, म्हणजे आपले पोहे, न भाजता दह्यात कालवलेले, दुपारी मासे-भात, आणि तिलकोर नावाच्या वेलीच्या पानांची भजी, ती जमलं तर खाच. एक दिवस बिनोद मला जनकपूरचं जानकी मंदिर दाखवायला घेऊन गेला. पांढरंशुभ्र, राजवाड्यासारखं आहे, आवारात बायका उन्हात बसून गप्पा मारत होत्या. मी देवळात जाणारी नाही, पण तिथे तासभर बसले. लुंबिनी किती दूर, असं मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं, बसने अख्खा दिवस. नकाशावर मला दोन्ही जवळ वाटले होते. तुम्ही असा घोळ करू नका, दोन्ही ठिकाणांसाठी वेगळे दिवस धरा.

त्या बसल्या वेळात बिनोदने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचं कतारचं काम पक्कं झालं होतं. दीड महिन्यात जायचं होतं. घरी बायको, दोन लहान पोरं, दोन म्हशी, आणि खाटेवर माय. "दीदी आ गई, अब चिंता नहीं," तो म्हणाला. तो हे अगदी सहज म्हणाला, जणू ठरलेलंच होतं.

परत आले तेव्हा रमा मायला अंघोळ घालत होती. चटईच्या आडोशाला, कोमट पाणी, मोहरीचं तेल. एका हाताने मान धरून दुसऱ्या हाताने पाठ चोळत होती. ही रीत मला पाठ आहे. बोरीत ती माझ्या आईला अशीच न्हाऊ घालायची, गुडघे धरले की. मी उंबऱ्याशी उभी राहून पाहिलं आणि मला राग आला. कशाचा ते आजही नीट सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरामागच्या तळ्यावर कपडे धुवायला गेलो. मी सहज आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी निघालं तं दरभंग्याची गाडी आरामात भेटंल. सामान भरून ठेव."

तिने पिळलेलं कापड गवतावर पसरलं. "ताई, तुम्ही जा."

"आणि तू?"

"मी राह्यतो."

मी इतके दिवस या उत्तराची तयारी केली होती, तरी मला ते ऐकवलं नाही. "आईचं काय?" मी म्हणाले. "सतरा वर्षं तिनं तुले पोरीवानी ठेवलं. प्रवीण गेल्यावर एक शब्द बोलली का तुले? आणि इथं या बाईले तू कोण हे बी मालूम नाई. तुहं घर तिकडं हाय, रमा."

"हो ताई. तिकडंच हाय."

ती भांडली असती तर मला बरं पडलं असतं. ती पुढचं कापड धुवायला घेऊन म्हणाली, "सतरा वर्षं म्या तुमच्या आईले न्हाऊ घातलं. हिले एकडावबी नाई. मले नाई ओळखलं तं नाई ओळखलं. मी तं ओळखतो ना तिले."

"परत कधी येशील?"

"मालूम नाई."

आणखी बोलायला होतं ते सगळं माझ्या सोयीचं होतं, आणि ते दोघींनाही कळत होतं.

सकाळी ती जनकपूर स्टेशनपर्यंत आली. खिडकीवर बाबूने विचारलं किती, आणि मी दोन म्हणाले. मग एक म्हणाले. तो हसला नाही, त्याने नुसतं एक फाडून दिलं. फलाटावर रमा मला सूचना देत राहिली. "आईची बीपीची गोळी सकाळची हाय, रातची नाई. तुम्ही उलटं करसान. गुडघ्याचं तेल कपाटावर, मांगच्या बाजूनं. आन तिले एकटीले विहिरीवर जाऊ देजा नोका." गाडी सुटायच्या वेळी तिने दारातून माझा हात धरला. तिचे हात मोहरीच्या तेलाने मऊ झाले होते. बोरीत ते कापसाच्या बोंडांनी कायम ओरखडलेले असायचे.

जयनगरला उतरल्यावर सामान पुन्हा तपासतात, रांग लागते, अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. यावेळी दुसरा जवान होता. "अकेली हैं?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

दरभंग्याहून निघाल्यावर माझ्या समोरचा बर्थ पाटण्यापर्यंत रिकामा होता. मग टीसीने तो वेटिंगवरच्या एका माणसाला दिला. तो बिचारा सभ्य होता, त्याने मला त्याच्याकडची संत्री दिली आणि नागपूरची संत्री यापेक्षा चांगली का, असं विचारलं. मी त्याच्याशी नीट बोलू शकले नाही. सगळा रस्ता मी एकच गोष्ट मनाशी जुळवत होते, की आईला कसं सांगायचं. आधी म्हणायचं तिची माय फार आजारी आहे. मग म्हणायचं थोडे दिवस राहते आहे. मग हळूच पुढचं.

बोरीला बसमधून उतरले तेव्हा दुपार झाली होती. फाटकाशी कोणी नव्हतं. आई आत गॅससमोर पाटावर बसून वांग्याची भाजी परतत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आली? हातपाय धू."

मी हात धुऊन आले. तिने ताटं मांडली होती. दोन.

मी ताटांकडे बघत उभी राहिले. "आई, रमा..."

"जेव आंधी."

दोन घास झाल्यावर मी म्हणाले, "तुले कोणी सांगतलं? तिचा फोन आला होता का?"

"फोन कायले येते? तुमी निघाच्या आदल्या दिवशी म्याच म्हटलं होतं तिले." आई भाकरीचा पापुद्रा सोलत होती. "म्हटलं, तुही माय खाटेवर हाय. तुले राहावं वाटलं तं राह्यजो. माह्या काळजीनं धावत येऊ नको. माही पोरगी हाय मले पाह्याले."

"मले काहून नाई सांगतलं मंग?"

"तुले?" तिने वर पाहिलं. "तू तिले परत आणाले चालली होती, बाई. तुले सांगतलं असतं तं तू नेलंच नसतं तिले."

जेवण झालं, मी भांडी घासली. आईची गोळी शोधली, डब्यावर सकाळ लिहून ठेवलं.

आता आई दारव्ह्याला माझ्याकडे असते. बोरीचं घर बंद आहे, महिन्यातून एकदा आम्ही जाऊन झाडून येतो. रमाची माय आम्ही गेलो त्यानंतर बाविसाव्या दिवशी गेली. रमाने फोनवर सांगितलं, "ताई, मायनं शेवटी मले ओळखलं. दुलारी म्हणे." खरंच तसं झालं की तिने तसं ठरवून घेतलं, ते मी विचारलं नाही. बिनोद कतारला गेला. रमा म्हणाली, तेरवी झाली की येतो. मग म्हणाली, पोरं मले सोडत नाईत, धान लावून येतो. धान लागलं. मग म्हणाली, कापणी झाली की पाह्यतो. तिचं ऐकताना मला तिचं खोटं वाटत नाही. ती प्रत्येक वेळी खरंच निघणार असते असं वाटतं.

या प्रवासाने काय दिलं असं कोणी विचारलं तर मला चटकन सांगता येत नाही. गाडी चांगली आहे, लोक प्रेमळ आहेत, मोहरीच्या दिवसांत जा, स्वेटर दोन न्या. माझ्यापुरतं म्हणाल तर एवढंच, की एका बाईला तिच्या घरी सोडून आले आणि अजून मला वाटतं की मी तिला कुठेतरी विसरून आले.

दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. परवाच्या रविवारी रमा अंगणात बसून धान पाखडत बोलत होती, मागे बिनोदची पोरं नाचत होती. आईने नेहमीप्रमाणे जेवली का, थंडी किती, म्हैस व्याली का, एवढं सगळं विचारलं. कधी येते ते विचारलं नाही. ते ती कधीच विचारत नाही. फोन ठेवल्यावर मी तुरीच्या शेंगा सोलायला बसले. आई फोन तसाच मांडीवर घेऊन बसली होती. पडदा काळा झाला तरी त्याच्याकडे बघत होती.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या राहा म्हटलं होतं. तिनं खरंच ऐकलं व."